पहिल्या दिवशीच वकील हवा

घरातला मुलगा गांजासकट पकडला गेल्याचा निरोप आला की आईबापांना कायदा आठवत नाही. वस्तीत तोंड कसे दाखवायचे, याचीच चिंता लागते आणि त्या लाजेपायी पहिला दिवस वाया जातो. आमच्या घरात हे घडले, म्हणून चार शब्द लिहीत आहोत. नशेची बाजू घेण्याचा हेतू नाही. पंचशील घेणाऱ्या घरात ती बाजू कोण घेईल? पण आरोप झाला की बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो हक्क संविधानाच्या २२व्या कलमाने दिला आहे.

आमचा भाचा मित्राच्या स्कूटरवर मागे बसला होता. डिकीत गांजाची पुडी सापडली. पंचनाम्यात वजन लिहिले ६० ग्रॅम. मुलगा सरकारी भरतीची तयारी करणारा. भाऊजी संतापून म्हणाले, "बसू दे आत, अद्दल घडेल." ताई मात्र भाकरीचा डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेली, आणि आम्ही तिच्याबरोबर गेलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात एक गृहस्थ भेटले. "वीस हजार द्या, आजच सोडवतो, साहेब ओळखीचे आहेत," म्हणाले. पावती मागताच ते दुसऱ्या घोळक्याकडे वळले. आणखी एकाने सल्ला दिला, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." ऐकायला सोपे वाटते. पण दोषी ठरल्याची नोंद मागे राहते, नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ती पुढे येते, आणि पुन्हा तसाच गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा दीडपटीपर्यंत जाऊ शकते.

आम्ही त्याच इमारतीतल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज दिला. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेलेही त्यात आले. हा कोणाचा उपकार नव्हे.

नेमून दिलेल्या वकीलबाईंनी आधी तीन गोष्टी विचारल्या: वजन किती, माल नेमका कोठे सापडला, पंच कोण होते? मग त्यांनी आम्हाला समजेल असे सांगितले. अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. २००१ पासून शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. त्याला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला तर व्यापारी प्रमाण. तेथे किमान १० वर्षे, आणि जामीन फार अवघड. हेरॉइनमध्ये ५ ग्रॅम हेच अल्प प्रमाण आहे. म्हणून पंचनाम्यातला आकडा आणि मोहोर लावलेले नमुने वकिलाने लवकर तपासावे लागतात.

ताबा म्हणजे वस्तू जवळ आहे हे ठाऊक असणे. पण माल ताब्यात सापडल्याचे दिसले की न्यायालय ते ठाऊक होते असे गृहीत धरू शकते, आणि उलट दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. स्कूटर मित्राची, माल डिकीत. तेव्हा दोघांचे हित वेगळे. "दोघांना एकच वकील करू नका," असे बाईंनी बजावले. अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर घ्या, असे म्हणण्याचा हक्क आहे आणि तो हक्क पोलिसांनी सांगावा लागतो. गाडीच्या झडतीला मात्र हा नियम लागत नाही. पोलिसांपुढच्या कबुलीवर शिक्षा देता येत नाही. अंमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपुढच्या कबुलीलाही तेच लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात ठरवले.

पैसे देऊन वकील करायचा असेल, तर या कायद्याचे खटले त्यांनी चालवले आहेत का, हे विचारावे. फी किती व कशाकशाची, हे लिहून घ्यावे. सुटकेची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. कोऱ्या कागदावर सही करू नये.

भाच्याला तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला. खटला चालू आहे. निकाल काय लागेल ते आम्ही आज सांगू शकत नाही. मुलगा व्यसनात अडकला असेल, तर उपचारांसाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद याच कायद्यात आहे, हेही बाईंनी आम्हाला सांगितले. भाऊजींनी ते ऐकून घेतले, आणि पुढच्या तारखेला ते स्वतः आले.

विधी सेवेचा मोफत दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवावा. शेजारच्या घरावर अशी वेळ आली तर कुजबुज न करता, त्या आईबरोबर कोर्टापर्यंत जावे.