दाव्याची लांबी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची आणि पाचवीलाच पुजल्यासारखी जन्मभर मागं लागायची. माझ्या तर ती जास्तच मागं लागली. पुढं तिच्यावरच पोट भरलं. पण तिच्यातले तीन-चार बारके शब्द असे आहेत, की ते आले की अजून मला आमच्या विहिरीची वाट आठवते.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस नावाला. अंतर सांगायची माणसांची रीतच वेगळी होती. वाटसरूनं विचारलं, "गाव किती लांब?" तर म्हातारं म्हणायचं, "ही काय, हाकंच्या टप्प्यात." जरा लांब असलं तर, "एक चिलीम वढून हुईस्तवर पोचशीला." त्याहून लांब असलं तर कोस. आई वेळसुद्धा अशीच मोजायची. "दोन भाकरी हुईस्तवर बस," म्हणायची.

आठवीत सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं : 'आय वॉक्ड ॲज फार ॲज दि रिव्हर.' मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, फार म्हंजे लईच न्हवं?" सगळा वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "आपलं फार निराळं, त्यांचं फार निराळं. आपलं फार म्हणजे पुष्कळ, त्यांचं फार म्हणजे लांब. हा गडी नदीपर्यंत चालला, एवढंच."

इथवर सगळ्यांना कळलं. मग त्यांनी दुसरं वाक्य लिहिलं : 'ॲज फार ॲज आय नो, ही इज ॲन ऑनेस्ट मॅन.' आता यात ना नदी, ना चालणं. मी उभा राहून विचारलं, "सर, हितं कोण कुठवर चाललंय?"

सर शेतकऱ्याचेच. त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. शाळेमागं कुणाचीतरी म्हैस खुंट्याला बांधलेली होती. भोवतीचं गवत तिनं गोल खाऊन टाकलं होतं आणि त्या गोलापलीकडचं जसंच्या तसं होतं. "दावं पुरतंय तिथवर ती चरली. पलीकडं गवत न्हाई असं न्हाई, पण तिचं तोंड पोचत न्हाई. माणूस म्हणतो, माझं दावं जिथवर पुरतंय तिथवर हा माणूस प्रामाणिक हाय. पुढचं मी बोलत न्हाई. ॲज फार ॲज म्हंजे दावं."

त्या दिवसापासून मला इंग्रजीची गोडी लागली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कुणाच्या तरी माळ्यावरून मिळवली. कॉलेजला गेल्यावर जाड डिक्शनरी हाती आली आणि एक गंमत कळली. रस्त्याकडेच्या दगडावर पूर्वी फर्लांग लिहिलेले असत, आठ फर्लांगांचा मैल. हा फर्लांग म्हणजे मूळचं नांगराचं तास! बैल एका दमात जेवढं तास ओढतील, तेवढी लांबी. म्हणजे त्यांचीही मापं आपल्यासारखी रानातूनच आलेली. मग ध्यानात आलं, की ही माणसं अंतराच्याच शब्दांनी सगळं मोजतात. आतापर्यंत म्हणायचं तर 'सो फार', जणू काळही पायी चालत आलाय. एखादा सुखी नाहीच, उलट दुःखी आहे, असं म्हणायचं तर 'फार फ्रॉम हॅपी', म्हणजे गडी सुखापासून कोसभर लांब. अट घालायची तर 'ॲज लाँग ॲज', म्हणजे आपलं जोवर-तोवर. आणि माझ्यापुरतं बोलायचं तर 'ॲज फार ॲज आय ॲम कन्सर्न्ड'. आपण तिथं अंतर मोजत नाही, पुरणं मोजतो. भाकरी पुरते, दावं पुरतं, तसं माझ्यापुरतं, घरापुरतं, पोटापुरतं.

असलं सगळं कळायला लागल्यावर मी स्वतःला शहाणा समजू लागलो.

1982 ची दिवाळी. मी सुट्टीला गावी होतो. आबांचा आणि तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, जमिनीचा दावा बरीच वर्षं चालला होता. एक गट ओढ्याकाठचा, दुसरा विहिरीचा. खालच्या कोर्टात दोन्ही तात्यांच्या बाजूनं गेले होते आणि आबांनी अपील केलं होतं. तालुक्याहून आलेल्या एका माणसानं वकिलांकडून निकालाची नक्कल आणली. सगळी इंग्रजीत. आबांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "वाच लेका."

ओट्यावर दहा-बारा माणसं जमली होती. मी पानं उलटत शेवटाकडं आलो. 'दि अपील इज अलाऊड' एवढं दिसलं आणि मी ओरडलो, "आबा, जिंकलो! अपील मंजूर!"

आबांनी मारुतीला नारळ फोडला. पेढे वाटले. संध्याकाळी काकू रोजच्यासारखी घागर घेऊन विहिरीकडं निघाली होती. आमच्या दारावरनं जाताना तिला कुणीतरी सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि रिकामी घागर घेऊन माघारी फिरली. मी ते पाहिलं. आणि खरं सांगतो, मला त्यात बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन वकिलांकडं गेलो. त्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. 'दि अपील इज अलाऊड इन सो फार ॲज इट रिलेट्स टू', आणि पुढं ओढ्याकाठच्या गटाचा नंबर. त्याच्या पुढच्या ओळीत बाकीचा हुकूम कायम. वकील म्हणाले, "अपील मंजूर झालं, पण त्या गटापुरतंच. विहीर त्यांच्याकडंच राहिली."

मी चार शब्द वाचले होते. पाचव्यापासनं दावं सुरू होत होतं, ते पाहिलंच नव्हतं.

परतताना एस.टी.त आबा खिडकीबाहेर बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ते जे विंग्रजीत लिवलंय, त्याला आपल्यात काय म्हनायचं?"

"त्या गटापुरतं," मी म्हणालो.

"पुरतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पुरवाय लागंल."

गावात उतरल्यावर ते घराकडं वळले नाहीत. सरळ तात्यांच्या दारात गेले. किती वर्षांनी गेले असतील कुणास ठाऊक. आत न जाता उंबऱ्याबाहेरूनच काकूला म्हणाले, "हीर तुमचीच हाय. पोरानं अर्धंच वाचलं. सकाळच्याला घागर घिऊन जावा." तात्या आतच होते. बाहेर आले नाहीत, काही बोललेही नाहीत. मी आबांच्या मागं मान खाली घालून उभा होतो.

त्याच साली शाळू पोटरीला आला आणि ओढा आटला. रान तडकायला लागलं. एका पहाटे आबा रानात गेले, तर ओढ्याकाठच्या तुकड्यात पाणी चाललेलं. विहिरीची एक पाळी तात्यांनी सोडली होती. आबा बांधावर बसून राहिले. दोघा भावांचं बोलणं त्यानंतरही फारसं झालं नाही. पण त्या वर्षी शाळू घरापुरता झाला.

पुढं मी इंग्रजीचा मास्तर झालो. दर वर्षी हा धडा आला की मी फळ्यावर आधी खुंटा काढतो, मग दावं, मग म्हैस. पोरं हसतात. त्यांना सांगतो, वाक्य पुरतं वाचल्याबिगर ओरडू नका. का, ते मात्र कधी सांगितलं नाही.