मुद्दलाला हात लावू नये

व्यापाराचा आणि लेण्यांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. वाशीच्या धान्यबाजारात तर हटकून विचारील. पोत्यांच्या थप्प्यांतून वाट काढताना तिथे माणसाला वजनकाट्यापलीकडचे फारसे दिसत नाही. पण जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, भिक्षूंसाठी सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, एवढेच तो सांगतो. उगाच स्तुती नाही, पाल्हाळ नाही. सरळ पावतीच म्हणा ना!

आमचे अण्णा याच धंद्यात दिवाणजी होते. आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर वाशीला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीवर 'श्री' काढला की ते पहिल्यांदा धर्मादायाचे खाते मांडीत. वारले तेव्हा आपल्या शिलकीतली थोडी रक्कम वेगळी ठेवून गेले. व्याजातून दरवर्षी एका हमालाच्या मुलाची पुस्तके घ्यावीत. मुद्दलाला हात लावू नये.

पुढे व्याजाचे दर उतरले, पुस्तके महागली. यंदा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, या व्याजात आता काय येतं? सगळी रक्कम एकदाच देऊन टाकू. एका मुलाचं तरी नीट होईल."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मला उत्तर सुचेना. ते सापडले नाशिकच्या पांडवलेण्यांत.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तिथे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० शेकडा पाऊण दराने. आता हिशेब करून पाहा. २००० चे वर्षाचे व्याज २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. एका नाण्याचाही फरक नाही! अण्णांनी शेजारी लाल शाईने बरोबरची खूण केली असती. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. अशा ठेवीला लेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे. आणि हे सारे निगमसभेत ऐकवून, दप्तरी नोंदवून केलेले.

त्या श्रेणी गेल्या, नाणी गेली. पण पुढच्या पावसाळ्यात येणारा भिक्षू कोण, हे उषवदाताला ठाऊक नव्हते. तरी त्याच्या वस्त्राची सोय त्याने करून ठेवली होती. एकदाच देणाऱ्याला समोरचा मुलगा दिसतो. मुद्दल राखणाऱ्याला न दिसलेलाही दिसतो. अण्णांना तो दिसला होता.

भावापुढे मी हा हिशेब मांडला. तो बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "व्याज पुरत नाही ना? मग दर दिवाळीला मुद्दलात आपण दोघं भर घालू. यंदाची माझी आधी मांड."