तारापूरच्या वाटेवरील कुरकूर

1739 सालीं मराठ्यांनीं जिंकलेला तारापूरचा किल्ला पाहावयास पालघरहून आम्ही सहकुटुंब निघालों, तों आमची फोर-व्हील ड्राइव्ह जीप खड्ड्याखड्ड्यास कण्हूं लागली. मातोश्री घाबरल्या, "अरे, चाक तर निखळत नाहीं ना?" पाट्यांचे बुश तर महिन्यापूर्वींच बदललेले!

बोईसरच्या मिस्त्रीनें एकेका बुशावर पाणी शिंपडून गाडी हालविली. मागच्या डाव्या बुशाशीं आवाज थांबला, दोष सांपडला. पूर्वीच्या कारागिरानें चाकें लोंबकळत असतांनाच बोल्ट आवळले होते; गाडी खालीं येतांच आंतलें रबर पिळलें गेलें आणि पुढें फाटलें. आम्ही तेल सोडावयास सुचविलें, तों तो हंसला. तेलानें रबर फुगून लवकर बिघडतें. नवा बुश घालून, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच त्यानें बोल्ट घट्ट केला.

सूर्यास्तापूर्वीं तारापुरास पोहोंचलों, तेव्हां मातोश्रींना गाढ झोंप लागली होती.