रजा सप्टेंबरातच मिळते!

आमच्या घरात एखादी गोष्ट ठरवायची म्हणजे ती प्रथम माझ्या गळ्यात पडते. कारण मी सेवानिवृत्त माणूस. 'तुम्हांला काय, वेळच वेळ!' हे आमच्या सौ.चे पालुपद. तेव्हा यंदा जावईबापूंच्या मनात कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या बेटावर सहकुटुंब जाऊन यावे असे आले, आणि 'कोणत्या महिन्यात जावे ते बाबांनी शोधून काढायचे' असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मला न विचारता, हे सांगायला नकोच.

खरे सांगायचे तर त्या बेटांशी माझी ओळख रेडिओवरची आणि वर्तमानपत्रातली. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला आणि सुनील गावस्कर या नव्या पोराने चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, तेव्हा त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका ही नावे आमच्या चाळीत गिरगाव-दादरसारखी घरोघर झाली होती. तो दौरा फेब्रुवारी ते एप्रिल असा होता. त्याआधीचे, १९५३ आणि १९६२ चे दौरेही वर्षाच्या त्याच सुमाराचे. हे असे का, याचा विचार त्या वेळी कोणी केला नाही. आता मात्र मला त्याचे उत्तर सापडले. डिसेंबर ते एप्रिल हा तिकडचा कोरडा हंगाम. आभाळ स्वच्छ, वारा सुखाचा, उकाडा बेताचा. क्रिकेटला जे मानवते तेच प्रवाशालाही मानवते!

पण सगळ्या जगाला ते ठाऊक असल्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हॉटेलांचे दर आभाळाला भिडलेले. उलट १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. त्यातही सप्टेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे वादळांचा ऐन भर. दर उतरतात ते या दिवसांत. वादळ दरवर्षी प्रत्येक बेटावर येतेच असे नाही. पण आले म्हणजे काय होते ते १ जुलै २०२४ रोजी ग्रेनाडाजवळच्या कॅरिआकू बेटाने पाहिले. 'बेरिल' नावाच्या वादळाने तिथली बहुतेक घरे मोडून टाकली. दक्षिणेकडची त्रिनिदाद, अरूबा, कुरासाव ही बेटे सहसा या वादळांच्या वाटेत येत नाहीत. त्रिनिदादमध्ये तर १८४५ पासून गेलेल्या आपल्या मजुरांच्या वंशजांमुळे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते! हे ऐकून सौ.चा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला.

एवढे सगळे मी वहीत नीट लिहून काढले आणि रविवारी जावईबापूंपुढे ठेवले. त्यांनी ते लक्षपूर्वक वाचले, मान डोलावली आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, माहिती उत्तम आहे. फक्त एक अडचण आहे. मला रजा सप्टेंबरातच मिळते. वीस ते तीस."

आता यावर काय बोलावे? वही मिटली. लेक हिरमुसली. नातू म्हणाला, "मग आपण कुठेच नाही जायचं का?" आणि माझ्या तोंडून अभावितपणे शब्द गेले, "चिरनेरला जाऊ!"

चिरनेर हे माझ्या आत्याचे सासर. उरण तालुक्यात, पनवेलहून एसटीने गेले की डोंगराच्या पायथ्याशी लागते. एके काळी मुंबईहून तिथे जायचे म्हणजे दिवस मोडायचा. आता १२ जानेवारी २०२४ पासून शिवडी ते न्हावा असा समुद्रावरचा अटल सेतू खुला झाला आहे आणि त्याच दिवसापासून उरणपर्यंत लोकल गाडीही गेली आहे. गाव जवळ आले. आम्ही मात्र होतो तिथेच! लहानपणापासून आम्ही चिरनेरला गेलो ते फक्त मे महिन्यात. आंबे, करवंदे, जांभळे खायची, अंगणात झोपायचे आणि शाळा उघडायच्या आत परत फिरायचे. आत्या दरवर्षी म्हणे, "अरे, एकदा पावसाच्या अखेरीला या." आम्ही 'हो हो' म्हणत असू. पावसाच्या अखेरीला कोण जातो? तेव्हा शाळा असतात, मग कचेऱ्या असतात, मग मुलांच्या सहामाह्या असतात. असे म्हणता म्हणता आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची झाली.

तिला फोन केला. "आत्या, चोवीस तारखेला येतोय आम्ही सगळे."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. मग ती म्हणाली, "चोवीसला? म्हणजे पंचवीसला इथं असाल?"

"असू की."

"या मग," एवढेच बोलून तिने फोन ठेवला.

वाचकहो, मे महिन्यातले चिरनेर म्हणजे तांबूस, धुरकट, उन्हाने भाजलेले गाव. मी तेच चिरनेर डोळ्यांपुढे घेऊन निघालो होतो. आणि एसटीतून उतरून पाहतो तो काय! भात पोटरीला आलेले, बांधावर तेरडा फुललेला, कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे वाऱ्यावर डुलताहेत, आणि आक्कादेवीच्या डोंगरावरून ढग असा उतरलेला की हात लांबवला तर ओला व्हावा. बंधाऱ्याचे पाणी खळखळत होते. नातू त्यात जो उतरला तो बाहेर यायला तयार होईना. जावईबापू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसले आणि म्हणाले, "बाबा, हे तुम्ही आम्हांला आधी का नाही सांगितलंत?" मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हते!

दुसऱ्या दिवशी पंचवीस तारीख. सकाळी आत्या पांढरे पातळ नेसून तयार होती. "चला," म्हणाली. तिच्या काठीच्या गतीने आम्ही चालत हुतात्मा स्मारकाशी गेलो. तिथे आसपासच्या गावांतली माणसे जमली होती. शाळेची मुले रांगेत उभी होती. फलकावरची आडनावे मी वाचली: कोळी, कातकरी, न्हावी, म्हात्रे, पाटील. मग पोलिसांच्या तुकडीने बंदुका उंच करून हवेत फैरी झाडल्या. नातवाने दचकून माझा हात धरला. आत्या मात्र जागची हलली नाही.

२५ सप्टेंबर १९३०. चिरनेरचा जंगल सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात मी दोन ओळींत वाचला होता. त्या ओळींच्या गावात चाळीस मे महिने काढले, पण ती तारीख तिथे कधी काढली नाही. परतताना आत्या आम्हांला महागणपतीच्या देवळात घेऊन गेली. तिथल्या लोखंडी गजावर गोळीची खूण अजून दाखवतात. देवळाच्या पायरीवर टेकून तिने नातवाला जे सांगितले ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"गांधीजींनी मीठ उचललं एप्रिलात," आत्या म्हणाली. "आपल्या उरणकडं मिठागरं आहेतच. पण मीठ पिकतं उन्हात. पाऊस पडला की मिठागर विरघळलं. मग कायदा मोडायचा कसा? पावसात पिकतं ते गवत, वाढतं ते रान. तेव्हा रानाचा सत्याग्रह. सरकार म्हणे, रान आमचं, लाकूड तोडायचं नाही, गुरं चारायची नाहीत. माणसं आक्कादेवीच्या रानात गेली कोयते घेऊन."

मी चकित होऊन ऐकत राहिलो. १९३० च्या पावसाळ्यात लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला, सांगलीकडे बिळाशीच्या लोकांनी, सगळीकडे जंगल सत्याग्रहच का झाले, याचे उत्तर एका शाळा न शिकलेल्या म्हातारीने मला ऋतूंच्या हिशेबाने दिले होते. मी महिनाभर वहीत महिने मांडत बसलो होतो. इथल्या लोकांनी तर स्वातंत्र्याची लढाईसुद्धा महिना पाहून मांडली होती!

"मग काय झालं?" नातवाने विचारले.

"पोलिसांनी माणसं धरली. ती सोडा म्हणून गाव जमला. गोळ्या सुटल्या. आठ सत्याग्रही गेले. पनवेलचे मामलेदार जोशी होते, तेही गेले. माझे सासरे तेव्हा मिसरूड फुटलेले पोर. गर्दीत होते, वाचले. पण पुढं जन्मभर या तारखेला दुपारचं जेवले नाहीत. मी या घरात आले तेव्हापासून मीही नाही जेवत."

मला एकदम आठवले. 'एकदा पावसाच्या अखेरीला या.' दरवर्षीचे तिचे ते सांगणे!

"आत्या, मग तू स्पष्ट का नाही सांगितलंस, या दिवशी या म्हणून?"

ती हसली. "तुम्ही आंब्याला येत होता रे. लेकरांना आंबे खायला बोलवावं, की रडायला? आणि आंबे तर तुमच्या बाजारातही मिळतात. वाटायचं, माहेरचं कुणीतरी एकदा या दिवशी शेजारी उभं राहावं. आलात, झालं."

त्या दुपारी आमच्यापैकी कोणीच जेवले नाही. कोणी तसे म्हणाले नव्हते. नातवाला सौ.ने बळेच वाटीभर दूधभात भरवला, तो त्याने ओटीवर कोपऱ्यात बसून खाल्ला. संध्याकाळी मात्र आत्याने तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी केली आणि जावईबापूंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या हे नमूद केले पाहिजे.

आता चिरनेरला कधी जावे, असे कुणी विचाराल तर माझी वही तयार आहे. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळे उगवतात, ती भाजी खायला जा. गणपतीच्या आधी गेलात तर तिथल्या कारखान्यांतून मूर्ती रंगताना दिसतील. जानेवारीच्या थंडीत वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि ओवा-मीठ मडक्यात भरून ते उपडे घालतात आणि भोवती जाळ करतात. त्या पोपटीला तोड नाही. मे महिन्यात आंबे आहेतच. पण एकदाच जायचे असेल, तर तिथल्या माणसांना ज्या दिवशी आपण यावे असे वाटते, तो दिवस आधी विचारून घ्या. हवामान त्यानंतर पाहा.

निघताना आत्याने जावईबापूंना विचारले, "आता परत केव्हा येणार?"

ते म्हणाले, "आत्या, मला रजा सप्टेंबरातच मिळते."

बार्बाडोसचे म्हणाल, तर ते फेब्रुवारीत. पण त्यासाठी आधी जावईबापूंच्या साहेबांचे मन वळवावे लागेल. तूर्त तशी काही घाई दिसत नाही.