मोटारीची साखळी

यंत्रें मुकीं असतात असें ज्यांस वाटतें त्यांनीं जुनी मोटार कधीं बाळगली नसावी. गेल्या पौषांत आमच्या गाडीनें सकाळच्या गारठ्यांत सुरू होतांच खळखळ करण्यास आरंभ केला. रिकाम्या डब्यांत चार खिळे हलवावे तसा हा आवाज इंजिनाच्या अगदीं पुढल्या अंगानें येई व इंजिन तापलें म्हणजे कांहींसा दबे. शेजारच्या तरुण प्राध्यापकांनीं तो पंख्याचा ठरविला. आमच्या कुटुंबानें "वय झालें" असा निर्णय दिला. कोणाचें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

दोष टायमिंग चेनचा होता. या वस्तूस मराठी शब्द नाहीं, आणि 'कालशृंखला' असा एखादा घडवून तो वाचकांच्या गळ्यांत बांधण्याची आमची इच्छाहि नाहीं. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें उस्मानिया विद्यापीठासाठीं पाश्चात्य शास्त्रांची परिभाषा उर्दूंत आणण्याकरितां स्वतंत्र भाषांतरखातेंच उघडलें होतें. तरीहि नांदेडच्या मिस्त्रीच्या तोंडीं टायमिंग, क्रांक आणि क्याम हेच शब्द राहिले, व आमच्या भाषाभिमानास त्यांत कांहीं उणें वाटत नाहीं.

चेनचें काम मात्र सोप्या मराठींत सांगतां येतें. ऑटोनें १८७६ मध्यें सिद्ध केलेल्या पद्धतीच्या इंजिनांत दट्ट्याच्या चार खेपा होतात: हवा व इंधन आंत ओढणें, तें दाबणें, तें पेटतांच खालीं ढकललें जाणें, आणि धूर बाहेर घालविणें. इतक्या अवधींत क्रांक दोनदां फिरतो, पण प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा क्यामचा दांडा क्रांकच्या बरोबर निम्म्या वेगानें फिरला पाहिजे. त्याच्या चाकास दुप्पट दांते असतात, व दोन्ही चाकांस ही साखळी जोडते. गवयानें ठाय लय धरावी, तबलजीनें दुगुण करावी, परंतु समेवर दोघांनींहि एकत्र यावें, तसा हा प्रकार आहे.

साखळी ताणली असें म्हणण्याची रीत आहे. वास्तविक पोलाद ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांध्यांतील खिळा नि त्याभोंवतींची नळी यांच्यामध्यें केसाहूनहि बारीक फट पडते. समजा, साठ सांधे आहेत व प्रत्येकांत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची झीज झाली, तर साखळी १·२ मिलिमीटरनें लांबते. मग झडपा उशिरां उघडतात, गाडीचा दम कमी होतो, आणि अहमदपूरच्या बाजूस बालाघाटाच्या चढावर मालट्रकाचा ड्रायव्हर आपल्याकडे दयार्द्र दृष्टीनें पाहूं लागतो. जर्मनींतील ग्लास कंपनीनें १९६२ मध्यें साखळीऐवजीं दांतेरी रबरी पट्टा आणला. आपल्याकडील मारुती ८०० मध्येंहि पट्टाच होता. पट्टा शांत असतो, पण तुटतांना बहुधा सूचना देत नाहीं. साखळी आधीं कुरकुर करते, आणि हा गुण आम्ही सद्गुणांतच मोजतों.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापुरास १८८२ मध्यें जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ मध्यें काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली. मूळ घडण फियाटची, इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. हा कारखाना आतां ही गाडी करीत नाहीं, आणि मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी पुनःपुन्हां करावी लागते, वर कर भरावा लागतो. आमचे चिरंजीव पुण्यास असतात, त्यांनीं हिशेब मांडून पाठविला व खालीं लिहिलें, "बाबा, भंगारांत द्या." ज्या आधुनिक कर्मशाळेंत आम्ही चौकशीस गेलों तेथील तरुणानेंहि झांकण उचलून पाहण्यापूर्वींच हाच सल्ला दिला. हिशेब चुकीचा नव्हता. त्यांत एक रकम मांडावयाची राहिली होती, आणि ती चिरंजीवांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

आमचे वडील लातुरास डॉक्टर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति बोळवून लोक निजले असतां, किल्लारीची भूमि हादरली. उजाडण्याच्या सुमारास वडील औषधांची पेटी घेऊन याच गाडीनें निघाले. दगडमातीच्या जाड भिंतीच तेथें माणसांच्या अंगावर आल्या होत्या. त्या एका दिवसानें दहा हजारांच्या आसपास माणसें नेलीं. पुढील तीन दिवस गाडीची मागील बैठक काढून ठेविलेली होती, कारण बसण्याच्या स्थितींत असलेलें कोणी तींत येतच नव्हतें. वडिलांनीं याविषयीं पुढें कधीं एक शब्द काढला नाहीं; फक्त ती गाडी विकण्याची गोष्ट निघाली कीं ते वर्तमानपत्र उघडीत. त्यांच्यामागें ती नांदेडास आमच्याकडे आली. चिरंजीवांस आम्हीं हें सारें प्रथमच लिहिलें. उत्तर आलें नाहीं. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारांतून मिळविलेली नवी साखळी मात्र आठ दिवसांनीं टपालानें आली.

आतां प्रश्न हातांचा. ज्या मिस्त्रींनीं ही गाडी वर्षानुवर्षें सांभाळली त्यांनीं दुकान बंद केलेलें. पंचाहत्तरी उलटली, उजव्या हातास कंप. "सर, मी बाजेवर बसतो, पोराला पाना द्या," असें त्यांनीं सांगितलें. पोर म्हणजे आमचा भाचा, येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी. एका रविवारीं अंगणांतल्या निंबाखालीं काम निघालें. बॅटरीची तार सोडली, रेडिएटरचें पाणी घमेल्यांत काढलें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आलें, तेव्हांपासून आमच्या घरीं गटारांत पाणी ओतण्याची कोणाची छाती होत नाहीं. पंख्याचा पट्टा, कप्पी, मग पुढलें झांकण. कप्पीची नट दीड तास हलली नाहीं. मिस्त्री चहा पीत राहिले.

झांकणाआड काळ्या तेलांत ती साखळी लोंबत होती. अंगठ्यानें दाबतां चांगलीच आंत गेली. जुनी काढण्यापूर्वीं दोन्ही चाकांवरील खुणा समोरासमोर आणाव्या लागतात. सारें काम या एका गोष्टीवर आहे. एक दांता इकडचा तिकडे झाला तरी नव्या साखळीचा उपयोग नाहीं. भाचा म्हणाला, "मामा, सांपडली." मिस्त्रींनीं चष्मा काढून ठेविला, खालीं बसले आणि चाकाच्या कडेवरून नख फिरविलें. इतका वेळ कपबशी वाजविणारा तो हात तेवढ्यापुरता स्थिर होता. "हा ओरखडा आहे बेटा. पान्यानं कुणीतरी केलेला. खूण ही." रॉकेलनें पुसतां दोन दांत्यांपलीकडे एक बारीक ठिपका उघड झाला.

साखळी चढली. जुनी शेजारीं धरून पाहिली. टोंक जुळवितां दुसरीकडे ती स्पष्ट पुढें आली. भाच्यास लगेच किल्ली फिरवावयाची होती, पण मिस्त्रींनीं इंजिन हातानें पूर्ण दोनदां फिरवावयास लाविलें. दुसऱ्या फेऱ्याअखेर खुणा परत समोरासमोर आल्या, तेव्हांच झांकण बसविण्याची परवानगी मिळाली. दिवेलागणीस गाडी सुरू झाली. खळखळ नव्हती. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मजुरी भाच्यास द्या म्हणाले, आणि जुनी साखळी कागदांत गुंडाळून घेऊन गेले.

त्यानंतर आम्ही लातुरास दोनदां जाऊन आलों. चढावर गाडी तिसऱ्या गियरांत जाते. झांकणाच्या तळाशीं तेलाचा एखादा थेंब अद्याप दिसतो. बोल्ट पुन्हां आंवळावे लागतील असा मिस्त्रींचा निरोप आहे, व येत्या रविवारीं ते भाच्यास घेऊन येणार आहेत.