बॉस, ऐझॉल चॅम्पियन झालं!

आपल्याकडे वीकेंडला फुटबॉलच्या गप्पा म्हणजे मँचेस्टर, नाहीतर बार्सिलोना. चेल्सीचा तिसरा गोलकीपर कोण, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारी पब्लिक माझ्या ग्रुपमध्ये ढिगाने आहे. पण ‘2016-17ची आय-लीग कोणी जिंकली?’ असं विचारून बघा. टेबलावर एकदम सायलेन्स!

उत्तर आहे, ऐझॉल एफसी. मिझोरामच्या राजधानीतला क्लब. ईशान्य भारतात देशाची अव्वल लीग नेणारा पहिलाच. आणि गंमत म्हणजे, या टीमने त्या सीझनमध्ये खेळणंच अपेक्षित नव्हतं.

झालं असं, की 2015-16च्या लीगमध्ये नऊ टीम्स होत्या. शेवटचा नंबर आला आपल्या पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सचा आणि ऐझॉल आठवं. पण शिवाजियन्स कॉर्पोरेट कोट्यातून थेट लीगमध्ये आलेली टीम, तिला खालच्या डिव्हिजनमध्ये न ढकलण्याची सवलत होती. त्यामुळे घसरलं ऐझॉल. म्हणजे वर्गात शेवटून पहिला पास आणि शेवटून दुसरा नापास! त्याच सीझनमध्ये या पोरांनी फेडरेशन कपची फायनल गाठली होती, हे वर आणखी.

मग गोव्याने मदत केली, तीही नकळत. देशाच्या फुटबॉलमध्ये आयएसएलला मोठं आणि आय-लीगला धाकटं करायचा बेत शिजत होता. त्याच्या निषेधात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले. नुकतंच प्रमोशन मिळवलेलं धेंपोही थांबलं. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावणं आलं.

कोच म्हणून आले खालिद जमील. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला हा माणूस नंतर सात वर्षं मुंबई एफसीचा कोच होता. तुटपुंज्या बजेटात दरवर्षी टीमला लीगमध्ये टिकवून ठेवायचं, हेच त्याचं काम. 2016 मध्ये क्लबने त्याला निरोप दिला. तो ऐझॉलला गेला आणि मुंबई एफसीतून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही तिकडे दिसले. जोडीला सीरियाचा महमूद अल-अमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जरयान, गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स आणि बाकी घरची मिझो पोरं. एकही स्टार नाही. कुठून कुठून सुटलेली माणसं एकत्र आली होती.

हा सीझन मला इतका पाठ का, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, तेव्हा मी स्वतः बेंचवर होतो. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. प्रोजेक्ट बंद, रोज कार्ड पंच करायचं, कॅन्टीनमध्ये चहा ढोसायचा आणि एचआरचा मेल येतो का याची वाट बघायची. 2017च्या त्या उन्हाळ्यात आयटीत सगळीकडे हीच हवा होती.

दुसरं कारण म्हणजे माझा फ्लॅटमेट. ऐझॉलचा पोरगा, अंधेरीत माझ्यासोबत राहायचा. मिझो लोकांत आपल्यासारखी आडनावाची पद्धत नाही. त्यामुळे बँकेच्या फॉर्मपासून गॅस कनेक्शनपर्यंत ‘सरनेम?’ या रकान्यात बिचारा अडकायचा. ब्रोकरने तर चक्क पासपोर्ट मागितला होता. तो चिडायचा नाही, फक्त म्हणायचा, ‘भाई, नकाशा बघ ना एकदा.’ मिझोराम नेमकं कुठे, हे मुंबईत रोज नव्याने समजावून सांगणं ही त्याची दुसरी नोकरीच होती!

22 एप्रिलला ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर मोहन बागानशी मॅच होती. दोघांचे पॉइंट सारखे. शेवटच्या काही मिनिटांत डिफेंडर झोमिंगलियाना राल्तेने हेडर मारला, 1-0. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, ‘काय पडलं रे?’

मग 30 एप्रिल, रविवार. शेवटची मॅच शिलाँगमध्ये लाजाँगशी. एक पॉइंट मिळाला की काम फत्ते. पण लाजाँगने सुरुवातीलाच गोल ठोकला आणि तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होतं. हाफटाइमला फ्लॅटमेट गॅलरीत जाऊन उभा राहिला, एक शब्द बोलेना. सेकंड हाफमध्ये विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. 1-1. ऐझॉल 37, बागान 36. एका पॉइंटने लीग! पठ्ठ्या रडत होता आणि फोनवर मिझोमध्ये काहीतरी ओरडत होता. मला शब्द एकही कळला नाही, अर्थ मात्र सगळा कळला.

त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली आणि मग बंदच पडली. शिवाजियन्सचाही तो शेवटचा सीझन ठरला. एका वर्षात मुंबई-पुण्याचा आय-लीगमधला नकाशा कोरा झाला आणि आपल्या स्पोर्ट्स बारमध्ये कोणाच्या ग्लासातला बर्फही हलला नाही.

आता पिक्चर असता तर इथे ‘द एंड’. पण ऐझॉलला पुढच्या वर्षी कुठल्या लीगमध्ये जागा मिळणार, यासाठीच भांडावं लागलं. जमील आणि अल-अमना ईस्ट बंगालला गेले, जयेश राणे एटीकेत. टीम पांगली. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जायचं दार 2023 मध्ये उघडलं, पंजाबसाठी. म्हणजे ऐझॉलने परीक्षा पास केली, पण वरचा वर्ग त्यांच्यासाठी नव्हताच.

म्हणूनच ‘मेहनत करा, यश मिळेल’ छापाचा मेसेज मला या गोष्टीतून काढता येत नाही. मेहनतीने त्यांना ट्रॉफी मिळाली, न्याय नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या बेंचवर बसून समजलं आणि अप्रेझलच्या महिन्यात ते फार उपयोगी पडतं. रेटिंग देणारे वेगळे असतात आणि खेळणारे आपण. त्यांनी आखलेल्या रेषा कधीही सरकू शकतात. पण 37 हा आकडा टेबलातून कोणी खोडू शकत नाही.

जमील यांचं म्हणाल, तर 2025 मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय टीमचे कोच झाले. आणि फ्लॅटमेट? तो बेंगळुरूला शिफ्ट झालाय. तिकडच्या ब्रोकरने ‘कुठला?’ विचारल्यावर याचं उत्तर तयार होतं, ‘2017ची चॅम्पियन टीम माहीत आहे? तिथला.’