हेक्टरभर जंगल

‘बेटांवर काहीतरी लिहा, पण सोपं लिहा,’ अशी संपादकांची मागणी आहे. वनांच्या परिसंस्था हा माझा विषय, म्हणून समुद्रातली बेटं सोडून धरणाच्या पाण्यातली घेते.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली आणि 1914च्या सुमारास गातून हे गोड्या पाण्याचं सरोवर भरलं. दऱ्या बुडाल्या, टेकड्यांचे माथे वर राहिले. त्यांतलं सर्वांत मोठं बेट बारो कोलोरादो, सुमारे 1,500 हेक्टरांचं. जवळच हेक्टरभरही जागा नसलेली चिमुकली बेटं आहेत. जहाजातून पाहणाऱ्याला सगळीकडे सारखीच गर्द झाडी दिसते. व्याख्यानानंतर हमखास कुणीतरी विचारतं, ‘तिथे ना माणूस, ना कुऱ्हाड, मग जंगलाला काय धाड भरली आहे?’ या प्रश्नाचा आता शीण येतो, कारण हिरवं दिसलं की जंगल सुखरूप, ही समजूत काही केल्या हटत नाही.

बारो कोलोरादोवर आगूती नावाचा उंच पायांचा कृंतक राहतो. काळ्या ताडाची टणक बी झाडाखाली तशीच पडून राहिली, तर भुंगेरे तीवर अंडी घालतात आणि अळी आतला गर फस्त करते. आगूती ती बी पुढच्या दिवसांसाठी पुरून ठेवतो, म्हणून ती वाचते. मग दुसरा आगूती ती चोरतो, आणखी दूर पुरतो. संशोधकांनी बियांना छोटे ट्रान्समीटर बांधून हा माग काढला आणि 2012मध्ये प्रसिद्ध केला. एक बी 36 वेळा पुरली गेली, एकूण 749 मीटर फिरली आणि मूळ जागेपासून 280 मीटरवर पोचली. हेक्टरभराचं बेट शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. एका बियेचा प्रवाससुद्धा तिथे मावत नाही, आगूतीचं पोट कुठून भरणार! एग्बर्ट ली आणि सहकाऱ्यांनी 1993मध्ये अशा सहा छोट्या बेटांबद्दल लिहिलं. चहूबाजूंचा वारा झेलू शकणारी आणि ज्यांची बी पुरली नाही तरी किड्यांपासून वाचते, अशी मोजकीच झाडं तिथे पसरत होती.

व्हेनेझुएलातल्या गुरी जलाशयात वाट निराळी, शेवट तोच. जॉन टरबोर्ग यांच्या गटाने 2001मध्ये दाखवलं, की शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर पानं कापणाऱ्या मुंग्या, हाउलर माकडं, इग्वाना आणि उंदीरवर्गीय प्राणी काठावरच्या जंगलापेक्षा 10 ते 100 पट दाट झाले होते. मोठ्या झाडांची रोपं तिथे फारच थोडी उरली.

आता आमच्या क्षेत्रातला जुना वाद. राखीव जंगल एकच मोठं असावं, की तेवढ्याच क्षेत्राचे अनेक तुकडे चालतील? जॅरेड डायमंड यांनी 1975मध्ये एका मोठ्याची बाजू घेतली. डॅनियल सिंबरलॉफ आणि लॉरेन्स एबल यांनी 1976मध्ये उत्तर दिलं, की बेटांच्या ज्या सिद्धान्तावर हे उभं आहे त्यातून तसा निष्कर्ष निघत नाही; अनेक तुकड्यांत मिळून जास्तही जाती सापडू शकतात. गणित म्हणून त्यांचं म्हणणं चोख आहे, आणि आजही ते फायलींमध्ये वापरलं जातं. माझा आक्षेप मोजणीवर आहे. जातींची यादी करताना पाणी भरण्याआधी रुजलेला वृक्षही धरला जातो आणि यादी भरगच्च दिसते. त्या वृक्षाच्या खाली त्याचं रोप आहे का, हे यादी सांगत नाही. प्राण्यांना तेवढी उसंतही मिळत नाही. थायलंडमधल्या चिओ लान जलाशयात 10 हेक्टरांहून लहान बेटांवरचे छोटे सस्तन प्राणी पाच-सात वर्षांतच जवळपास संपले. 56 हेक्टरांपर्यंतच्या बेटांवरही पंचवीसेक वर्षांत तेच झालं. तुकड्यांची बेरीज करून जंगल होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आपल्याकडेही पाहायला हवं. कोकणातल्या कितीतरी देवरायांना एकरभरही जागा नसते आणि भोवती शेतं, बागा, रस्ते असतात. शेतातून प्राणी-पक्षी ये-जा करू शकतात, त्यामुळे देवराईची गत बेटाइतकी बिकट नाही. म्हणूनच तिथे अजून काही करता येण्यासारखं आहे. तेव्हा देवराईत गेलात तर जुन्या वृक्षांचे फोटो खुशाल काढा, पण त्यांच्या बुंध्याशी त्याच जातीची गुडघाभर रोपं आहेत का तेही पाहा, आणि नसतील तर गावकऱ्यांना सांगा.